ढिल्या साखळीची हद्द

लेक रांगायला लागल्यापासून माझे डोळे माहेरच्या परसालगतच्या त्या उघड्या टाकीवर. जमिनीच्या पातळीलाच तिचं तोंड. गुडघाभर पाणी, पण रांगत्या पोराला तेवढं पुष्कळ. टाकी शेजारच्या काकांची. मधे भिंत घालायची तर हद्द पक्की हवी, म्हणून मी सरकारी मोजणी मागवली.

बाबांना ते लागलं. “मी रोवलेला हद्दीचा दगड आहे ना तिथे?” आयुष्यभर मोजणीदार म्हणून काम केलेला माणूस.

मोजणीवाला यंत्र लावून दहा मिनिटांत मोकळा. “दगड दीड हात आत आलाय. टाकी तुमच्याच हद्दीत येते. काय हो, मोजणीदाराच्या घरीच मोजणी कच्ची?”

“मी या नकाशावर सही करणार नाही,” म्हणत बाबा आत गेले. सही नाही तर भिंत नाही.

तो दगड रोवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सुट्टीत बाबा मला मोजणीच्या साखळीचं टोक धरायला न्यायचे. कड्यांना तेलाचा वास, डोक्यावर त्यांचीच टोपी, सारखी नाकावर येणारी. घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचे, कोपऱ्यांवर वाट्या. पेन्सिलीला टोक काढत म्हणायचे, “रेघेलाही जाडी असते गं. तेवढ्या जाडीत कुणाचं तरी अंगण बसतं.” ती माझी सगळ्यात आवडती वेळ असायची.

परसाची मोजणीही आम्हीच केलेली. साखळी झोळली, मधे लोंबली, की कागदावर अंतर पुरं भरतं, जमिनीवर मात्र कमी पडतं. हे मला ठाऊक होतं, तरी त्या दुपारी ताण धरला नाही.

लेकीला कडेवर घेऊन मी आत गेले. “बाबा, चूक माझी होती. हात दुखत होते, मी साखळी ढिली सोडली.”

“माहितेय.”

“म्हणजे?”

“तळव्यांना फोड आले होते तुझ्या. दुसऱ्याची जमीन असती तर पुन्हा मोजली असती. आपलीच होती, तूटही आपलीच. म्हटलं, जाऊ दे.”

“मग सही का नाही?”

“तो मोजणीवाला कारण विचारेल. तुझं नाव सांगू?”

“सांगा की! नऊ वर्षांच्या पोरीला काय फाशी देणारेत?”

बाबा हसले. बाहेर येऊन त्यांनी सही केली. मोजणी बघायला आलेल्या काकांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या जागेत तोंड धुतोय?”

“धुवा की पुढेही. भिंत टाकीच्या अलीकडेच घालू, हद्द राहील कागदावर,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, “किती उंच हवी?”

मी छातीपाशी हात धरला. लेकीकडे पाहिलं आणि हात आणखी वर नेला.