डावीकडे ओढणारी गाडी

निवृत्त बसड्रायव्हरांच्या डाव्या हाताला गेल्या वर्षी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता. आठ आठवडे रबरी चेंडू दाबून त्यांनी हात परत मिळवला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण एक अट घातली: हात जरा जरी दगा देतोय असं वाटलं, तर त्याच दिवशी चावी खाली ठेवायची.

गेले तीन आठवडे गाडी डावीकडे ओढत होती.

पहिल्या आठवड्यात थोडीशीच. सरळ रस्त्यावर पकड सैल केली की गाडी कडेला सरकायची. दुसऱ्या आठवड्यात स्टिअरिंग जड झालं. उजवीकडे वळताना चाक फिरवावं, आणि गाडीने क्षणभर विचार करून मग वळावं, असं होऊ लागलं. तिसऱ्या आठवड्यात ब्रेक दाबताच गाडीचं तोंड डावीकडे जायला लागलं. हात पुन्हा लुळा पडतोय, तो खाली लोंबतो आणि स्टिअरिंग आपल्या बाजूला ओढतो, असा त्यांचा हिशेब होता. रोज थोडा थोडा वाढणारा त्रास हाताचाच असणार.

गाडीचा संशय त्यांना एकदाच आला. ते चाकं काढायची लोखंडी टॉमी घेऊन खाली गेले आणि चारही टायर ठोकून आले. डेपोत चाळीस वर्षं ते असेच टायर तपासत. चारही टायरांनी सारखाच आवाज दिला. म्हणजे गाडी ठणठणीत. घरात दुसरं कोणी ती चालवत नव्हतं. गाडीला एकच हात हवा, हा त्यांचा नियम. त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं.

कोणाला सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी बायकोने न्हाणीघराचं दार ढकललं, तर हे बादलीवर बसून चेंडू दाबत होते.

“अहो, इथे काय चाललंय?”

“काही नाही. सवय.”

“मग बैठकीत दाबा की. चेंडूला काय लाज वाटते?”

त्यांनी चेंडू टॉवेलाखाली सरकवला. पस्तीस वर्षांच्या संसारात हे उत्तर पुरेसं होतं. संध्याकाळी मुलीला फोन गेला आणि गुरुवारी सकाळी अकराची डॉक्टरांची वेळ ठरली.

मुलगी दहाला आली आणि गाडीपाशी हात पसरून उभी राहिली.

“चावी.”

“दवाखान्यापर्यंत मी नेतो.”

“बाबा, डॉक्टरांची अट काय होती? मी पाठ म्हणून दाखवू?”

“बसमध्ये बावन्न माणसं न्यायचो मी.”

“तेव्हा आई मागे बसून देवाचं नाव घेत नव्हती.”

“मी आजही घेणार आहे,” आई मागच्या सीटवरून म्हणाली. “चालवणारं बदललं म्हणून काय झालं?”

त्यांनी चावी दिली. डावा हात मांडीवर ठेवून ते शेजारच्या सीटवर बसले आणि त्या हाताकडे बघत राहिले. आज डॉक्टर काय म्हणणार हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. गाडी विकायची, घरी बसायचं, दूध आणायलाही कोणाच्या तरी मागे लागायचं.

मोठ्या रस्त्याला लागून दोन मिनिटं झाली असतील. मुलीने खांदे आवळले.

“ही अशी का जातेय?”

“कशी?”

“कडेला. मला सारखं उजवीकडे धरून ठेवावं लागतंय. आणि जड किती आहे हो! तुम्ही रोज अशीच चालवता?”

ते सीटवर सरळ बसले. “पकड सैल कर.”

“बाबा!”

“मागे कोणी नाही. हळू चालव आणि जरा सैल कर.”

गाडी मुकाट्याने डावीकडे सरकली.

“तुझ्या हाताला काही झालंय का?” त्यांनी विचारलं.

“माझ्या हाताला काय होणार?”

“काही नाही ना? नक्की?” त्यांचा आवाज चढला. “अगं, तुझ्याही हातात ओढतेय!”

“त्यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे?” मागून आई म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला.

पुढच्या चौकात पंक्चरचं दुकान होतं. दुकानाची मालकीण पंचेचाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत वर केलेली. तिने पुढच्या डाव्या टायरला गेज लावला.

“बत्तीस हवी. चौदा आहे.” गाडी जॅकवर उचलून टायर हाताने फिरवत तिने एक बारीक स्क्रू दाखवला. “हा बघा पाहुणा. दोन-तीन आठवडे मुक्कामाला असेल. हवा हळूहळू गेली.”

“पण मी ठोकून बघितलं होतं,” ते म्हणाले.

“कशाने?”

“टॉमीने.”

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काका, बस की ट्रक?”

“बस.”

“तरीच. ते जाड टायरांचं औषध आहे. या छोट्या टायरला टॉमी मारून तुम्हाला काय कळणार? मऊ टायर जमिनीला घासत मागे राहतो, दुसऱ्या बाजूचा पुढे पळतो, म्हणून गाडी ओढते. वळताना त्याच्या बाजूच्या भिंती दुमडतात, म्हणून ती उशिरा वळते. वेगात जोरात ब्रेक मारला असता तर माझ्याकडे नाही, दुसरीकडेच नेलं असतं तुम्हाला.”

एरवी टायरबद्दल कोणी शिकवलेलं त्यांना खपत नसे. आज ते तिचं बोलणं संपूच नये असं ऐकत होते.

“टायर टिकेल का?” मुलीने विचारलं.

“आतून बघते. भिंत चिरडली असेल तर बदलायचा.” तिने टायर उतरवून आतून बोट फिरवलं. “चिरडलीय. हा नका वापरू.”

तिने डिकीतला जादाचा टायर काढला, त्याची हवा मोजली, भरली आणि चढवला. दवाखान्यापर्यंतचा उरलेला रस्ता ते स्वतः चालवत गेले. मुलीने ‘नको’ म्हटलं. आईने ‘जाऊ दे गं’ म्हटलं. गाडी सरळ गेली. वळली तेव्हा लगेच वळली. त्यांनी दोनदा नाक ओढलं.

डॉक्टरांकडे पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. तपासणी तरीही झाली. डॉक्टरांनी आपली दोन बोटं त्यांच्या डाव्या मुठीत दिली.

“दाबा. जमेल तेवढं.”

त्यांनी दाबलं. तीन आठवड्यांची सगळी भीती त्या मुठीत होती.

“बरं,” डॉक्टर म्हणाले. “ठीक आहे. छान. अहो, सोडा!”