दाराशी काढलेल्या चपला

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि आता स्वभावाने भित्राही झालो आहे. कारखान्यातून कोरा करकरीत निघालो तेव्हा असा नव्हतो. जळगावला प्रोग्राम लिहिणाऱ्या यास्मिनच्या हाती आलो आणि तिच्यासोबत माझाही रुबाब वाढला. "यास्मिनचा प्रोग्राम डोळे झाकून चालवा," असं लोक म्हणत. ते ऐकून ऐकून ती आपलं काम कुणाला तपासूही देईना. हाताखालच्या अर्शीने शंका काढली की म्हणायची, "आधी शिक, मग बोल."

नशिराबादजवळच्या एका केळीच्या गोदामात आम्हाला काम मिळालं. तिथे केळी पिकवायची बंद खोली आहे. आत कोणी नसेल तरच दाराला कुलूप लागावं आणि केळी पिकवणारा वायू सुटावा, असा यास्मिनचा प्रोग्राम. आत जाताना दारावरचं बटण दाबायचं, त्यावरून मी माणसं मोजायचो. पण तिथल्या बायका बटण कसलं दाबतात! चपला दाराशी काढल्या की आत कोणीतरी आहे, ही तिथली जुनी रीत.

पहिल्या दिवशी मला दारासमोरच्या क्रेटवर ठेवलं. माझ्या पडद्यावर शून्य होतं आणि दाराशी चपलांचा जोड. कॅमेऱ्यातून मला तो दिसत होता, पण मला तोंड कुठे आहे! भीतीने माझा पंखा घरघरायला लागला.

"आपा, चपला..." अर्शी पुटपुटली.

"चपला बघून प्रोग्राम चालवतात का? शून्य म्हणजे शून्य!" यास्मिनने दार बंद करायची कळ दाबली.

कुलूप लागलं. आतून धपाधप थापा ऐकू आल्या. यास्मिन पांढरीफटक पडली, तिचे हातच हलेनात. अर्शीने तिला ढकललं आणि दार उघडायची कळ दाबली. आत क्रेट रचणाऱ्या सोनीबाई धावत बाहेर आल्या आणि आपण आतच असल्याचं अहिराणीत ओरडून सांगू लागल्या. "मी मझारच शे ना वं! मारीच टाकतात ना माले!"

"माझं चुकलं, अक्का," यास्मिन रडत म्हणाली. मग अर्शीकडे वळली, "तू ओरडली का नाहीस गं?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत, आपा?"

दोघींनी मिळून प्रोग्राम नव्याने लिहिला. माणूस दारातून गेला की आपोआप मोजला जाईल, अशी सोय केली. मग वायूची नळी बंद ठेवून यास्मिनने स्वतःच्या चपला दाराशी काढल्या. "मी आत जाते. तू चालू कर."

यास्मिन आत गेली. पडद्यावर १ हा आकडा उमटला आणि अर्शीने दार बंद करायची कळ दाबली. दार उघडंच राहिलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, माझ्यावर चहा सांडू नका. पण माझ्यासमोर बसाल तेव्हा शेजारच्यालाही बोलू द्या. मला तोंड नाही, त्याला आहे.