वेलांच्या तोंडचा घास

हंगाम संपला की काडी लावायची, ही त्या बागवानाच्या घरची जुनी वहिवाट. काकडीचे उपटलेले वेल, पाला, मुळं काचघराच्या मागे रचायची आणि पेटवून मोकळं व्हायचं. तुमच्याआमच्या ओळखीतही असा एखादा ढीग असतोच. यंदा मात्र ढीग तसाच पडून होता. धुराने बागवानाची लेक खोकून बेजार होई, आणि बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, “पुन्हा धूर दिसला, की पिटुकलीला घेऊन मी माझ्या बहिणीकडे निघाले. कायमची!”

त्या सकाळी धुकं काचांना टेकून उभं होतं. आत सगळं पांढुरकं, मऊ, अर्धवट झोपेतल्यासारखं. नवे वेलही पेंगत होते; वाढायचं नावच घेईनात. त्या ढिगातलीच कीड नडतेय, अशी बागवानाची समजूत. खिशातली काडेपेटी तो चाचपत होता. बायकोची समजूत नंतर काढू, असं त्याने ठरवलं होतं.

तेवढ्यात फुलांची रोपवाटिका चालवणारी त्याची थोरली बहीण आली.

“काय रे, काचघराच्या फटी चिंध्यांनी बुजवून बसलास?”

“वेल गारठतात, ताई.”

“गारठत नाहीत, उपाशी आहेत! हवेतला कार्बन डायऑक्साइड हे त्यांचं जेवण. ऊन आलं की आतला संपवतात, आणि बाहेरचा तू येऊ देत नाहीस.”

तिने त्याला मागे नेलं आणि त्याचा हात मनगटापर्यंत ढिगात खुपसला. आत चांगलंच ऊबदार होतं.

“हे कुजतंय, म्हणजे तोच वायू सोडतंय. आत वेलांच्या पोटात कावळे ओरडतायत आणि तू वाढलेल्या ताटाला काडी लावतोस! वर पोरीच्या छातीत धूर!”

निजलेल्या लेकीच्या पाठीवर हात ठेवावा, तशी ती ऊब त्याला वाटली. बाप रे! इतकी वर्षं आपण हे काय करत आलो! त्याचे डोळे भरून आले.

दोघांनी ढीग उलथायला घेतला, तशी थंडीत पांढरी वाफ उसळली. खिडकीतून बायकोने ती पाहिली. ती बॅग आणि पिटुकलीला घेऊन तरातरा बाहेर आली.

“शेवटी पेटवलंतच ना?”

पिटुकलीने नाक चिमटीत धरलं. “शी, वास! पण आई, खोकला नाही येत!”

बागवानाने काडेपेटी बायकोच्या हातात दिली. “ही आता तुझ्याकडे. चुकलो मी.” तिने बॅग खाली ठेवली.

काचघराशेजारच्या रिकाम्या खोलीत ढीग हलला. तिथली हवा छोटा पंखा ओढतो. वाटेत ओल्या मातीच्या थरातून जाताना तिचा उग्र वास तिथेच अडकतो आणि बाकीची हवा भोकांच्या नळीतून वेलांपर्यंत पोचते. दुपारच्या उन्हात, हिरव्या सावलीत पिटुकली नळीला कान लावून बसते. कुणी आलं की ओठांवर बोट ठेवते. “हळू बोला. वेल जेवतायत.”

मंडळी, आपण कचरा म्हणून जे जाळतो, त्यात कुणाचा तरी घास असतो, आणि त्याच्या धुरात कुणाचा तरी श्वास अडकतो. काडी ओढण्याआधी एकदा ढिगात हात घालून बघा!