पाखरांसाठी राखलेलं गवत

आल्डनचं गवत मी कापलं, हे आधीच सांगून टाकतो. कॅन्ससच्या आमच्या भागात कुणी अंथरुणाला खिळला की शेजारी आपापली यंत्रं घेऊन येतात आणि त्याचं रान उरकून देतात. आल्डन धान्याच्या कोठीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं. मग जूनमधल्या एका मंगळवारी आम्ही सहा जणांनी सकाळीच त्याचा गहू काढून दिला. बाकीचे घरी गेले. माझ्या अंगात मात्र परोपकार शिरला होता. म्हटलं, जाता जाता त्याचं वैरणीचं कुरणही कापून टाकू.

संध्याकाळी त्याची बायको लिओना इस्पितळातून परतली. गाडीतून उतरली आणि बांधावरच मटकन बसली.

"वेंडल, आरं काय केलंस ह्ये? कुरण त्या झाडापत्तूरच व्हतं. त्याच्याम्होरं पाखरांचं राखीव गवत!"

ते गवत तसंच उभं ठेवायचे सरकार आल्डनला गेली आठ वर्षं दरसाल पैसे देत होतं. पाखरांची अंडी-पिल्लं होईपर्यंत, म्हणजे अर्धा जुलै सरेपर्यंत, तिथं विळासुद्धा लावायचा नाही. मधलं कुंपण त्यानं काढलेलं, आणि गवत दोन्हीकडं सारखंच उंच. कापलेल्या पट्ट्यात जागोजाग पिसं पडली होती. मला तिकडं बघवेना.

"आठ वर्सांचं समदं परत मागतील," लिओना म्हणाली. "रान इकावं लागंल आमाला."

"कुनाला कळतंय?" मी म्हणालो.

"वरनं इमानातनं फोटू काढत्यात त्ये!"

तीन दिवस घास गिळवेना. रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली की मी गोठ्यात शिरायचो. सांगायला लाज वाटते. चौथ्या दिवशी लिओनाच म्हणाली, "चल, जाऊन सांगू. न्हाईतर ह्या भ्यानंच मरंन मी."

शेतकी कचेरीतल्या मर्नाबाईनं आमचं सगळं ऐकून घेतलं.

"पर आल्डनचा कालच फोन आल्ता," ती म्हणाली. "म्हनला, म्याच वेंडलला कापाया सांगितलं."

लिओना पांढरीफटक पडली. "आवो, म्या त्याला ह्यातलं कायबी सांगितलं न्हाई!"

"भेटाया गेलेल्या कुनीतरी सांगितलं आसंल. चुकून कापलं तर यंदापुरता दंड. जानूनबुजून कापलं, तर आठी वर्सांचं परत."

मला वाचवायला निघाला होता गाढव, आणि स्वतःचं घर बुडवत होता.

"खोटं बोलतुया त्यो!" मी ओरडलो.

मर्नाबाईनं इस्पितळात फोन लावला, मी काय म्हणतोय ते आल्डनला सांगितलं आणि आवाज मोठा केला.

"वेंडलचं ऐकू नगा, बाई," आल्डन म्हणाला. "आळ त्येच्यावर आला तर त्येचंबी सरकारी पैसं बंद व्हतील. म्याच सांगितलं, मंगळवारी दुपारी."

लिओनानं फोन हिसकावला. "मंगळवारी दुपारी भूल देऊन टेबलावर पाडला व्हता तुला, मुडद्या! म्या भाईर दाराशीच बसले व्हते. कुनाच्या तोंडानं सांगितलंस?"

"भूल दिल्याचा डागदराचा तेवढा कागद आनून द्या," मर्नाबाई म्हणाली, आणि तिनं रकान्यात 'चुकून' असं लिहिलं. लिओनाचं तिकडं लक्षच नव्हतं. ती रडत रडत नवऱ्याला शिव्या घालत होती.