झुकलेला भार

आमची कल्पना जगात कुणालाच सुचलेली नाही, या तोऱ्यात मी पेटंट वाचनालयात गेले. घरी बसून कितीदा शोधलं होतं. 'आजारी माणसाला उचलायचा पाळणा' असं टाकलं की काहीच निघायचं नाही, आणि मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहायचा.

"पेटंटवाले कुठल्याच वस्तूला सरळ नाव देत नाहीत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "शब्द सोडा, वर्गीकरणाचा क्रमांक धरा." त्यांनी मोफत शोध घेता येतो असं एक संकेतस्थळ उघडलं, उचलण्याच्या यंत्रांचा क्रमांक टाकला, आणि पडदाभर चित्रं आली.

त्यात आमचा पाळणा होता. तोच दांडा, तेच दात्यांचं चाक, चाकाला अडवणारा तोच खटका. कागद माझ्या जन्माआधीचा. धाकट्या भावाने आणि मी वर्कशॉपमध्ये एवढा घाम गाळला तो कुणाची तरी नक्कल करायला, आणि तीही न बघता. मला रडूच यायला लागलं.

"त्याची मुदत कधीच संपलीय, आता कुणीही वापरावं," बाई म्हणाल्या. "पण त्याच्यानंतरचं वाचा. नवं पेटंट मागणारा आधी जुन्याची उणीदुणी काढतो. नाहीतर त्याचं नवं कसं ठरणार?"

म्हणजे माझ्या नणंदेसारखंच, असं मनात म्हणत मी वाचायला घेतलं.

'पूर्वीच्या रचनेत भार एका बाजूस झुकल्यास खटका दात्यांवरून निसटतो व भार कोसळतो. तत्पूर्वी कोणतीही सूचना मिळत नाही.'

भार म्हणजे आमचे वडील, अप्पा. लकवा झाल्यापासून ते उजवीकडेच झुकतात. आणि ही त्यांना पाळण्यातून आंघोळीच्या टबात उतरवायची वेळ होती.

धाकट्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. हात ओले असणार. पर्स तिथेच टाकून मी धावत सुटले. घर जवळच होतं, पण रस्ता संपेना.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. अप्पा टबाच्या वर पाळण्यात लटकलेले, आणि धाकटा पाठमोरा, पाणी किती गरम आहे ते बघत होता. मी ओरडले असते तर अप्पा दचकून झुकले असते. तोंडावर हात दाबून मी पुढे झाले आणि खालून त्यांना कवेत धरलं.

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"आधी धर त्यांना. दांड्याला हात लावू नकोस."

दोघांनी मिळून त्यांना कसंबसं बाहेर काढलं आणि भिंतीशी बसवलं. मग मी रिकामा पाळणा उजवीकडे जोरात दाबला. कुठे खट्ट झालं नाही की काही नाही. पाळणा थेट टबात कोसळला.

धाकटा पांढराफटक पडला. मला वाटलं, अप्पांच्या काळजीने.

"ताई, मागच्या गल्लीतल्या काकूंना मी असाच एक करून दिलाय," तो म्हणाला. "पेटंट होईपर्यंत कुणाला दाखवायचा नाही म्हणून तू बजावलं होतंस, त्यामुळे बोललो नाही. त्यांची सून एकटीच उचलते त्यांना. रोज याच वेळेला."

अप्पांना असं टाकून कसं जायचं, म्हणून आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ओल्या फरशीवरून अप्पा म्हणाले. "मी जमिनीवरच आहे. पळा."