भाताच्या घासातली पावडर

माझ्या किडन्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा फुलचूरहून गोंदियाला डायलिसिसला जायचं, दिवसाला मोजून तीन पेले पाणी प्यायचं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरवायला रोज एक पावडर घ्यायची. ती पाण्यात कालवूनच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी राखायची अक्कल आम्हाला कोणी शिकवू नये! मी पावडर कोरडीच भाताच्या घासात दडपून गिळायचो आणि वाचलेलं अर्धा पेला पाणी संध्याकाळी अंगणात बसून चवीनं प्यायचो.

मग पोट फुगलं, दुखायला लागलं, संडासला होईना. गॅस असेल म्हणून मी ओवा चावला. पाचव्या दिवशी पहाटे पायजम्याला रक्त लागलेलं दिसलं. पण सांगणार कोणाला? बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा योगराज दिवसभर कुडवा गावातल्या दुकानात. घरात एकटी सून, दुर्गेश्वरी. आमच्याकडे सून सासऱ्याशी पदर सावरून कामापुरतंच बोलते. मी गुपचूप पायजमा धुतला आणि वाळत टाकला.

त्याच दिवशी डायलिसिस होतं. सोबत तीच आली होती.

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"खोटं बोलून राहिले, साहेब." मागून दुर्गेश्वरी बोलली. "चार दिवस झाले, संडासातली बादली भरलेलीच हाय. अन् ज्या माणसानं जल्मात रुमाल नाही धुतला, त्यानं आज पायजमा धुतला. डाग निघाला नाही त्याचा. रक्ताचा हाय."

वॉर्डातल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"गप राहा!" मी खेकसलो.

"काऊन गप राहू, मामाजी? तुमची लाज वाचवू का तुमाले वाचवू?" ती मागे हटली नाही. तिची हिंमत बघून मलाच माझी शरम वाटली. मग भाताच्या घासाचं मी स्वतःच सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पोट साफ होत नसेल तर ही पावडर आत साचून आतड्याला जखमा करू शकते, असं ते म्हणाले. त्यांनी ती तिथल्या तिथे बंद केली आणि मला त्याच दिवशी नागपूरला धाडलं. तिथे आतड्याचा सडलेला तुकडा कापून काढला. आणखी एक दिवस गेला असता तर आतडं फुटलं असतं, असं सर्जन म्हणाले.

वीस दिवसांनी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासातून बाहेर पडतो न पडतो, तोच दुर्गेश्वरीनं स्वयंपाकघरातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "मामाजी, झालं का?"

शेजारचा ईश्वरदास कुंपणापलीकडे फिदीफिदी हसला. मी त्याच्याकडे बघत, तिच्याहून मोठ्यानं ओरडलो, "झालं वं माय, झालं!"