घरटी एक माणूस

भुईगावच्या आमच्या विहिरीला कोणी साधी विहीर म्हटलं तरी माझं डोकं सणकतं. अहो, काय गोडी होती त्या पाण्याला! वैशाखात ती उपसायचा दिवस ठरला की आळीतून घरटी एक माणूस यायचा. हिंदू-ख्रिस्ती असं काही नाही. ॲन्सेल्मकाका कमरेला दोर बांधून खाली उतरायचे, गाळाच्या बादल्या वर यायच्या आणि केळीच्या बागेत रित्या व्हायच्या. ज्याच्या घरचं कोणी फिरकलं नाही, त्याला वर्षभर टोमणे. दुसऱ्या दिवशी झऱ्यांचं नवं पाणी भरलं की बाबा पहिली ओंजळ माझ्यापुढे धरायचे. "सांग, कसंय?" मी म्हणायची, "गोड." मग बाकीचे भरायला लागायचे. अजून आठवलं की भरून येतं मला.

लग्न होऊन विरारला मनवेलपाड्याच्या चाळीत आले, तर इथे नळच नाही. चाळीच्या कागदांत काहीतरी खोट, म्हणून जोडणी मिळत नाही. टँकर येईल तेव्हा येईल. मागच्या बाजूला एक जुनी विहीर होती, पत्रा टाकून बंद केलेली. दोन वर्षांपूर्वी मीच हट्टाला पेटले आणि पत्रा काढायला लावला. घरटी एक माणूस बोलावला, विहीर उपसून घेतली, पहिली ओंजळ स्वतः प्यायले आणि सगळ्यांना सांगितलं, "गोड आहे." खालच्या ओळीतली वीस घरं माझ्या शब्दावर ते पाणी प्यायला लागली. वरच्या मजल्यावरच्यांना हंडे घेऊन जिना चढायचा कंटाळा, ते आपले टँकरच्या पाइपवरच राहिले. मी त्यांना तोंडावर आळशी म्हणायची.

यंदा दिवाळीनंतर चाळीत कावीळ आली. आधी दोन मुलं, मग शेजारच्या कमळीचा नवरा, मग एकेका घरात कोणी ना कोणी, मग माझी सून सलोनी. सहावा महिना चालू होता तिला. डॉक्टर माझ्या मुलाला, मयूरला बाजूला घेऊन म्हणाले, अशा दिवसांत ही कावीळ आईच्याही जिवावर उठते आणि बाळाच्याही. सलोनीला हॉस्पिटलात ठेवलं.

त्याच आठवड्यात पॉलिन आली. माणिकपूरची, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स.

"पाणी उकळून प्या, अशी पत्रकं मी तीस वर्षं वाटली," ती म्हणाली. "पण दिवसभर उकळायला गॅस कोणाचा? स्टेशनजवळच्या टॉवरमध्ये नाही होत ही कावीळ. त्यांच्याकडे नळ आहे, तुमच्याकडे नाही, एवढाच फरक. नळ मागा. पण अख्ख्या चाळीने मागा, अर्ध्या चाळीचं कोणी ऐकत नाही. आणि तोवर ती विहीर बंद करा."

वरचा मजला लगेच तयार झाला. खालची ओळ माझ्याकडे बघायला लागली. कमळी म्हणाली, "प्रेमलताकाकी म्हनतील तसं."

आणि काकी, म्हणजे मी, भडकले. "विहिरीला हात लावायचा नाही! रस्त्यावरची पाणीपुरी खाता, तिची कावीळ आहे ही."

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले ती तांब्यात विहिरीचंच पाणी घेऊन. सलोनीने तांब्याकडे बघून तोंड फिरवलं.

"आई, रागावू नका. या पाण्याला वास येतो. पहिल्यापासून येतो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही भुईगावच्या गोष्टी सांगत सांगत पाणी द्यायचात. तुमचं मन मोडवेना."

मी दोन वर्षांत पहिल्यांदा तांब्याला नाक लावलं. मोरीचा वास होता. विहिरीपासून पाच पावलांवर चाळीच्या संडासाची टाकी आहे, हे मला काय दिसत नव्हतं? रोज दिसत होतं.

रविवारी अंगणात बैठक भरली. पॉलिनने मोठ्या कागदावर चाळीची सगळी घरं काढून आणली होती आणि लाल टिकल्यांची एक पुडी. ज्या घरात कावीळ, त्या घरावर एक टिकली. बघता बघता खालची ओळ लाल झाली. वरच्या मजल्यावर एकही नाही. आमचं घर शेवटचं, आणि पुडी संपली.

"राहू दे, पेनाने करते," पॉलिन म्हणाली.

मी उठले, कपाळावरची टिकली काढली आणि आमच्या घरावर चिकटवली.

"अगं बाई, काकी!" कमळी ओरडली. "सवाष्नीनं असं करू नये!"

"गप गं. नवरा समोर धडधाकट बसलाय. सून मरायला टेकलीय माझी." मग मी खालच्या ओळीकडे वळले. "मी गोड म्हटलं म्हणून तुम्ही प्यायलात. माझ्या जिभेवर भुईगाव होतं. हे पाणी मी चाखलंच नाही. चूक माझी आहे."

आणि सगळ्यांसमोर रडले. माझा नवरा दिवाकर उठला आणि विहिरीवरचा पत्रा आणायला गेला.

मग दर सोमवारी घरटी एक माणूस प्रभाग कार्यालयात जाऊन बसायला लागला. साहेब नसले तरी बसायचं. जो चुकला त्याला मी असे टोमणे मारले की पुढच्या सोमवारी तो सगळ्यांच्या आधी हजर. असे अकरा सोमवार. तेव्हा कुठे गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ आला.

त्या दिवशी सलोनी उंबऱ्यात बसली होती. अंगावर अजून मांस धरलं नव्हतं, पण मांडीवर पंधरा दिवसांची लेक होती. मी पहिला पेला भरून आधी तिच्यासमोर धरला.

"सांग, कसंय? आणि माझं मन बिन राखू नकोस."

तिने एक घोट घेतला, नाक मुरडलं.

"ब्लीचिंग पावडरचा वास येतो, आई. अजिबात गोड नाही."

"मग पी," मी म्हटलं, आणि तिने सगळा पेला संपवला.